डॉ. मेबल आरोळे : दवाखान्यात किती आले यापेक्षा गावात किती जगले, हे मोजणारी डॉक्टर

नांदेडमधलं मुखेड असो की लातूरमधलं औसा, कुठल्याही गावात आज बाळ जन्माला आलं की काही दिवसांत आशाताई दारात येतात. बाळाचं वजन करतात, अंगाला ताप आहे का बघतात, नीट पितंय का विचारतात, वहीत नोंद करतात. या बाई गावातल्याच असतात. त्या डॉक्टर नसतात, नर्सही नसतात. तरीही त्यांच्या वहीवर जिल्ह्याच्या आरोग्याचा अर्धा हिशोब उभा असतो.

गावातल्याच बाईला शिकवायचं आणि गावाचं आरोग्य तिच्या हाती द्यायचं, हा विचार सरकारने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आणला. पण त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी मराठवाड्याच्या वेशीवर, जामखेडमध्ये तो प्रत्यक्षात उतरला होता. ज्या डॉक्टर जोडप्याने हे केलं त्यातलं डॉ. रजनीकांत आरोळे हे नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. डॉ. मेबल आरोळे यांचा उल्लेख मात्र बहुतेक वेळा 'आणि त्यांच्या पत्नी' असा एका ओळीत उरकला जातो. तो बरोबर नाही. गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या बनवण्याचं काम, म्हणजे जामखेडचा कणा, मोठ्या प्रमाणात मेबल यांच्या हातून घडलं.

त्या मूळच्या इथल्या नव्हत्या. २६ डिसेंबर १९३५ रोजी मध्य प्रदेशातल्या जबलपूरमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थेत प्राध्यापक होते आणि बायबलच्या नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवायचे. घर शिकलेलं, वातावरण पुस्तकांचं. पुढे त्या तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तिथेच त्यांची ओळख रजनीकांत आरोळे यांच्याशी झाली. रजनीकांत अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या शिक्षक आई-वडिलांचा मुलगा. १९६० मध्ये दोघांनी लग्न केलं आणि आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं असं ठरवलं. लग्नाच्या दिवशी असे संकल्प बरेच जण करतात, या दोघांनी तो पाळला.

वडाळ्याचा दवाखाना आणि परत परत येणारी मुलं

नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला मिशनचं रुग्णालय होतं. १९६२ पासून चार वर्षं दोघे तिथे होते. दिवसभर बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, बाळंतपणं, रात्री-अपरात्री येणाऱ्या बैलगाड्या. कामाला कमतरता नव्हती आणि रुग्णालयाचं नावही होत होतं.

पण त्यांना एक गोष्ट सतावू लागली. जुलाबाने सुकलेलं मूल यायचं, सलाईन लावलं की टवटवीत व्हायचं, आईच्या कडेवर घरी जायचं आणि काही आठवड्यांनी तसंच सुकून परत यायचं. कधी कधी यायचंच नाही. कारण घरातलं पाणी तेच होतं आणि ताटातलं अन्नही तेवढंच. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये अशा मुलाची नोंद 'बरा होऊन घरी गेला' अशी व्हायची. रजिस्टर खोटं बोलत नव्हतं, पण खरंही सांगत नव्हतं.

आरोग्य संशोधनात ज्याला आज 'निष्पत्ती' म्हणतात तो विषय इथून सुरू होतो. दवाखान्याने किती रुग्ण तपासले, किती गोळ्या वाटल्या, किती खाटा भरल्या हा कामाचा हिशोब झाला. त्या कामामुळे माणसाच्या आयुष्यात पुढे काय बदललं, तो जगला का, शेतात परत गेला का, घरात त्याला जागा उरली का, हा वेगळा हिशोब आहे. पहिला टेबलावर बसून करता येतो. दुसऱ्यासाठी गावात जावं लागतं. भोवतालची गावं पाहिल्यावर आरोळे दांपत्याला कळून चुकलं, की रुग्णालय कितीही चांगलं चाललं तरी गावांचं आरोग्य जागचं हलत नाहीये.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला ते १९६६ मध्ये अमेरिकेला गेले. आधी रुग्णालयात राहून पुढचं प्रशिक्षण घेतलं आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. तिथे त्यांना डॉ. कार्ल टेलर हे गुरू मिळाले. टेलर भारतातच वाढलेले, उत्तराखंडापासून पंजाबपर्यंतची खेडी पाहिलेले. जामखेडची योजना या विद्यापीठात असतानाच कागदावर उतरली. सुमारे तीस गावं, चाळीस हजार लोक, आणि काम सुरू करण्याआधी त्या लोकांची स्थिती मोजायची. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

गुरांच्या दवाखान्यात सुरुवात

१९७० मध्ये दोघे परतले आणि जामखेडला आले. जामखेड तालुका नगर जिल्ह्यात असला तरी त्याची माती, पाऊस आणि दारिद्र्य शेजारच्या बीडसारखंच. पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत थांबले असते तर काय कमावलं असतं याचा हिशोब करायची गरज नाही. स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना जागा दिली ती वापरात नसलेल्या गुरांच्या दवाखान्याची. तिथे पहिली बाह्यरुग्ण तपासणी सुरू झाली.

सुरुवातीच्या पाहणीत अर्भक मृत्युदर निघाला १७६. म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती, साधारण दर सहा बाळांमागे एक. त्याच वर्षी, १९७१ मध्ये, देशाचा आकडा १२९ होता. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के कुपोषित होती. गरोदरपणात तपासणी झालेल्या बायका शंभरात एकही भरत नव्हत्या. कुष्ठरोगाचं प्रमाण दर हजारी ४ होतं.

आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या आजी-आजोबांना तो अजून तपशिलासकट आठवतो: खडी फोडण्याची कामं, सुकडी, ओस पडलेली गावं. जामखेडच्या डॉक्टरांकडे लोकांनी औषध मागितलं नाही, पाणी आणि अन्न मागितलं. त्यामुळे आरोग्य प्रकल्पाचं पहिलं मोठं काम झालं ते गावकऱ्यांना सोबत घेऊन मुलांसाठी जेवणाची सोय करणं आणि विंधन विहिरी घेणं. विहिरींची जागा ठरवताना एक धोरण पाळलं गेलं. शक्य तिथे हातपंप दलित वस्तीत बसवायचा. ज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं त्यांच्या दारात पाणी आलं, आणि बाकीच्यांना तिथे जाऊन भरावं लागलं. स्वच्छ पाण्यामुळे जुलाब कमी होतात हे झालं वैद्यकीय कारण. दुसरं कारण उघडपणे सामाजिक होतं आणि ते लपवलंही गेलं नाही.

गावात शिरायचं कसं, हाही प्रश्न होताच. त्यासाठी आरोग्याची व्याख्यानं ठेवली नाहीत. संध्याकाळी तरुणांसोबत व्हॉलीबॉल सुरू केला. खेळायला सगळ्या जातींची पोरं यायची, खेळ संपला की तिथेच बसून बोलणं व्हायचं. त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली, आणि पुढे गावाची पाहणी करायची, घरोघरी जाऊन जन्म-मृत्यू विचारायचे, मुलांची वजनं घ्यायची, हे काम या मंडळांनी अंगावर घेतलं. गावाची माहिती गावानेच गोळा केली की ती कपाटात पडून राहत नाही.

शिकलेल्या नर्स अपयशी ठरल्या तेव्हा

आता मेबल यांच्या मुख्य कामाकडे येऊ. योजनेप्रमाणे आधी गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवायच्या ठरल्या होत्या. ते जमलं नाही. परगावच्या तरुण मुलींना एकटं राहणं सुरक्षित वाटेना. आणि लुगडं नेसलेल्या सासूबाईंनी कालच्या पोरीकडून बाळंतपणाचे धडे का घ्यावेत? नर्सचं ज्ञान चांगलं होतं, पण ते गावात मुरत नव्हतं. गावातल्याच एखाद्या बाईला का शिकवत नाही, ही सूचना गावकऱ्यांकडूनच पुढे आली.

गावाने निवडून दिलेल्या बायका जामखेडला येऊ लागल्या. बहुतेक चाळिशीच्या आसपासच्या, लेकुरवाळ्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. बऱ्याच दलित, आणि बहुतेकींना अक्षरओळख नाही. अनेकींना चार लोकांत स्वतःचं नाव सांगायलाही संकोच वाटायचा, कारण आयुष्यभर त्यांची ओळख अमक्याची सून आणि तमक्याची आई एवढीच होती. मेबल यांनी औषधाआधी इथून सुरुवात केली. स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, मान वर करून बोलायचं.

मग जात आली. सुरुवातीला वरच्या जातीतल्या बायका दलित बायकांच्या पंगतीला बसायला तयार नव्हत्या. उपदेशाने हे सुटणार नाही हे मेबल यांना ठाऊक होतं. मुक्कामाला येणाऱ्या बायकांसाठी एकच मोठी गोधडी करण्यात आली. थंडीच्या रात्री पांघरायचं तर सगळ्यांनी त्याच गोधडीखाली यायचं. एकत्र स्वयंपाक, एकत्र झोप, रात्री उशिरापर्यंत गप्पा. त्या गप्पांत बाळंतपणं, सासुरवास, मेलेली मुलं, दारुडे नवरे सगळं निघायचं. मेबल यांच्यासाठी तो संशोधनाचाच भाग होता असं म्हणता येईल. गरोदर बाई कमी का खाते? मूल लहान राहिलं की बाळंतपण सोपं होईल, असं तिला वाटतं. गोवर आला की औषध का देत नाहीत? कारण देवी आली आहे, तिला राग येईल. ही उत्तरं छापील प्रश्नावलीत मिळत नाहीत.

शिकवण्याची पद्धत साधी आणि चिवट होती. दर आठवड्याला जामखेडला यायचं, एक-दोन गोष्टी पक्क्या शिकायच्या, गावात जाऊन करून बघायच्या, पुढच्या आठवड्यात काय झालं ते सांगायचं. मीठ-साखरेचं पाणी. नाळ कापायला उकळलेलं पातं आणि स्वच्छ दोरा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घ्यायचं. रातांधळेपणा कसा ओळखायचा. त्वचेवरचा बधिर चट्टा कसा तपासायचा. कुठल्या केसला हात लावायचा नाही, थेट जामखेडला पाठवायचं. हे वेळापत्रक वर्षानुवर्षं मोडलं नाही. आपल्याकडे दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि फोटो काढून प्रमाणपत्र, अशी पद्धत रूढ आहे. तिथे शिकणं कधी संपतच नव्हतं.

या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ यांचं नाव पुढे जगभर गेलं. १९८८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत त्या बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की ही महागडी झुंबरं म्हणजे मोठी रुग्णालयं आणि आपण म्हणजे पणती, जिला स्वस्तात लावता येतं आणि जिच्यावरून दुसरी पेटवता येते. सभागृह उभं राहिलं म्हणतात. पण मुक्ताबाईंसारख्या बाईचं खरं यश वॉशिंग्टनमध्ये नव्हतं. ज्या वाड्यात पूर्वी त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं गेलं असतं, तिथली बाळंतीण आता त्यांच्या हाताने सुटत होती, ते खरं.

जगणं कसं मोजायचं?

'जीवनमानाचा दर्जा' हा शब्द आरोग्यात आता सर्रास वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात तो मोजण्यासाठी शंभर प्रश्नांची आणि नंतर सव्वीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. त्यात शरीर, मन, माणसा-माणसांमधले संबंध आणि भोवतालची परिस्थिती असे चार भाग आहेत. दुखतं का, एवढंच विचारायचं नाही. झोप लागते का, पैसे पुरतात का, घर सुरक्षित वाटतं का, लोक साथ देतात का, हेही विचारायचं. आजार बरा झाला तरी माणूस नीट जगतोय असं होत नाही, हे आकड्यांत पकडण्याचा तो प्रयत्न.

जामखेडने ही प्रश्नावली येण्याआधी काम सुरू केलं होतं, पण विचार तोच होता. कुष्ठरोगाचं उदाहरण घेऊ. त्या काळात कुष्ठरुग्ण म्हणजे गावाबाहेरची वसाहत. जामखेडमध्ये त्यांच्यासाठी वेगळी खिडकी किंवा वेगळा वार ठेवला नाही. इतर रुग्णांच्या रांगेतच ते बसले. गावातली आरोग्य कार्यकर्ती चट्टा लवकर ओळखायची, गोळ्या चालू ठेवायची आणि मुख्य म्हणजे त्याच्या घरी बसून चहा प्यायची. जंतू औषधाने मरतात. घरातली वेगळी थाळी मात्र शेजारणीने घेतलेल्या त्या चहाने बंद होते. १९९६ पर्यंत कुष्ठरोगाचं प्रमाण हजारी ४ वरून ०.१ वर आलं.

जयपूर फूटचंही तसंच. जामखेडला कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा सुरू झाली. शहरी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटासह वापरायचा असतो. जयपूर फूट घालून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने 'पाय बसवला' आणि 'पाय कामाला आला' यात एवढं अंतर असतं.

बाकीचे आकडे असे. अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये १७६ होता, १९७६ मध्ये ५२ झाला. पाच वर्षांत इतकी घट, तीही मोठं रुग्णालय न बांधता. १९८६ मध्ये तो ४९ होता, म्हणजे दहा वर्षं जवळपास तिथेच रेंगाळला. १९९६ मध्ये २६. त्या वर्षी देशाचा आकडा ७२ होता. मुलांमधलं कुपोषण ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. काम तोवर पावणेदोनशेच्या आसपास गावांत पसरलं होतं.

जगाची नजर मात्र त्याआधीच गेली होती. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण आरोळे दांपत्याने लिहिलं होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, तेव्हा ज्या मोजक्या प्रयोगांकडे बोट दाखवलं गेलं त्यात जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये दोघांनी मिळून जामखेडवर सविस्तर पुस्तक लिहिलं. पुढे मेबल यांनी युनिसेफसाठी दक्षिण आशियातल्या बायका-मुलांच्या प्रश्नांवर काम केलं. सप्टेंबर १९९९ मध्ये त्यांचं निधन झालं. रजनीकांत त्यानंतर बारा वर्षं जगले. २०११ मध्ये तेही गेले.

मग जामखेड सगळीकडे का झालं नाही?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. एक उत्तर सोपं आहे. पन्नास वर्षं एका ठिकाणी पाय रोवून बसणारी माणसं सरकारी बदल्यांच्या यंत्रणेत मिळत नाहीत. दुसरं जरा कडू आहे. जामखेडच्या कार्यकर्त्या पगारी नोकर नव्हत्या, त्यांची ताकद गावातल्या मानात आणि दर आठवड्याच्या शिकण्यात होती. सरकारने आशा योजनेत गावातली बाई घेतली, तिला कामागणिक मोबदला ठरवला, वह्या आणि अ‍ॅप दिले. दर आठवड्याचं शिकणं आणि तिच्या शब्दाला मिळणारं वजन मात्र मागे राहिलं. आज मानधनासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या आशाताईंना जामखेडचा दाखला देऊन सेवाभाव शिकवणं अन्यायाचं ठरेल. मोबदला हवाच. फक्त मोबदला दिला म्हणजे जामखेड झालं, असं नाही.

आणखी एक शंका अभ्यासकांना होती. १९७१ नंतर बालमृत्यू सगळ्या देशातच कमी झाले. मग जामखेडमधली घट कामामुळे झाली की काळामुळे? याची तपासणी मेबल यांच्या मृत्यूनंतर झाली. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या संशोधकांनी प्रकल्पातली गावं आणि त्याच भागातली प्रकल्पाबाहेरची गावं घेतली, आयांना मुलांचे जन्म-मृत्यू विचारले आणि १९९२ पासूनच्या पंधरा वर्षांची तुलना केली. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष आले. प्रकल्पातल्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता.

त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली. हा फरक बाळ महिन्याचं झाल्यानंतरचा होता. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत दोन्ही प्रकारच्या गावांत फरक आढळला नाही. पाणी, पोषण, लसीकरण यांनी मोठी होणारी मुलं वाचत होती. कमी वजनाचं, श्वास न घेणारं, जंतुसंसर्ग झालेलं नवजात बाळ ही वेगळीच लढाई होती.

त्या लढाईचं उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत शोधलं जात होतं. डॉ. अभय आणि राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सला शिकलेले, कार्ल टेलर यांचेच विद्यार्थी. गावातल्या बाईला नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं तर काय होतं, याचा त्यांचा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मेबल आरोळे जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे ही पद्धत आशांच्या कामात आली. म्हणून आज मुखेडच्या आशाताई बाळंतिणीकडे एकदाच जाऊन थांबत नाहीत. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या वही आणि वजनकाटा घेऊन पुन्हा दारात येतात.